सहाशे बारा कोरे कागद

वॉरिन क्रीक,
गुरुवार, २६ फेब्रुवारी २००९

प्रिय बर्नी,

आज रविवार नाही, तरी लिहायला बसले आहे. शाळेतल्या सिस्टर पर्पेचुआ असत्या तर म्हणाल्या असत्या, "नोरीन, पत्राचा वार रविवार. मन भरून आलं तर प्रार्थना कर." प्रार्थना केली. जमत नाही.

सकाळी दहाच्या चहाला भोंगा वाजला नाही. सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. आम्ही रफूच्या खोलीतल्या चौतीसजणी शेवटी पोहोचलो. बघते तर प्रत्येक टेबलावर कागदी रुमालांचं एकेक नवंकोरं खोकं. माझ्या बाजूला रफू करणारी असुंता म्हणाली, "काय गं, गिरणीला सर्दी झालीय का?" सगळ्या हसलो. बर्नी, आम्ही हसलो, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. मेलबर्नहून आलेला चकचकीत बुटांचा एक तरुण उभा राहिला आणि त्याने कागद वाचून दाखवला. जूनअखेर सगळे माग बंद. ब्लँकेटं यापुढे चीनमध्ये विणली जातील. दोनशे दहा माणसं घरी. उरलेल्या मालाचे दोष काढायला रफूची खोली तेवढी नाताळपर्यंत राहील. तो खाली बसला तेव्हा कळलं, आपण रडणार हे त्यांना आधीच माहीत होतं, आणि त्यांनी रडण्याची सामग्रीसुद्धा मोजून आणली होती.

अजून तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत गं वणव्याला. जळलेल्या गावांसाठी आम्ही दोन रविवार पगार न घेता माग चालवले. नऊशे ब्लँकेटं दिली. तुमच्या कंपनीचे मुख्याधिकारी पेलमसाहेब आले, गठ्ठ्यावर हात ठेवून फोटो काढून गेले.

घरी आले तर दारातच लेस उभा, हातात पेपर. गुडघा गेल्यापासून माझ्या या नवऱ्याला पेपराशिवाय दुसरं काम नाही. म्हणाला, "बस आधी. मग वाच." पेलमसाहेबांचा पगार गेल्या वर्षी अठरा लाख डॉलर होता, तो चौतीस लाख झाला म्हणे. याच वर्षी. याच मंदीत. लेस म्हणतो, "त्या माणसाला दोन पोटं आहेत की काय?"

मी त्याला म्हटलं, छापण्यात चूक असेल. तू कंपनीच्या संचालक मंडळावर आहेस, तुला ठाऊक असेल. चूकच आहे ना?

तुझी,
नोरीन


मेलबर्न,
८ मार्च

माझ्या लाडक्या नोरीन,

तुझं पत्र मी बागेत नेऊन दोनदा वाचलं. ह्यू असता तर तो त्याच दिवशी गाडी काढून तुमच्याकडे आला असता. त्याच्या आजोबांनी ती गिरणी बांधली तेव्हा गावात चर्च आणि दारूचा गुत्ता एवढंच होतं, असं तो अभिमानाने सांगायचा.

आकडा चुकीचा नाही. पण पेपरवाले तो ज्या रीतीने देतात, ती रीत चुकीची आहे. त्यातला बराच भाग रोख नसतो, शेअर असतात, तेही पुढच्या काही वर्षांत मिळायचे. अशा माणसांचा बाजार जगभर आहे. आपण दिलं नाही तर लंडन देईल, सिंगापूर देईल. बुडत्या जहाजाचा कप्तान स्वस्तात मिळत नाही, असं आमचे अध्यक्ष रूपर्ट फेनविक म्हणतात.

आणि माझं म्हणशील, तर मी त्या टेबलाशी ह्यूच्या रिकाम्या खुर्चीत बसवलेली विधवा आहे गं. चहा कुठल्या कपांतून द्यायचा, एवढंच मला विचारतात.

ईस्टरला ये ना इकडे. अंजिरं पिकली आहेत. आपण दोघी मठामागच्या भिंतीवर चढून चोरायचो, तशीच आहेत, काळी आणि फुटलेली. चार दिवस राहा.

खूप प्रेम,
बर्नी


वॉरिन क्रीक,
२२ मार्च

बर्नी,

रफूच्या खोलीत इस्त्रीखाली ठेवायला असुंता कंपनीचे जुने वार्षिक अहवाल वापरते. जाड कागद असतो, चांगला टिकतो. काल तिने इस्त्री उचलली आणि मला हाक मारली. "नोरीन, ही तुझी मैत्रीण ना? शाळेतली?"

पान एकतीस. वर लिहिलंय, वेतन समिती. अधिकाऱ्यांचे पगार ठरवणारे तिघं. तिसरं नाव तुझं, आणि खाली तुझी सही. त्यातला तो इंग्रजी ‘बी’ गोल काढायला तुला मी शिकवलं होतं.

चहाचे कप?

नोरीन टियर्नी


मेलबर्न,
१९ एप्रिल

नोरीन,

चार आठवडे लिहायचं धाडस झालं नाही. तीन पत्रं फाडली. आता जे आहे ते लिहिते.

सही माझी आहे. न वाचता केली असं म्हटलं तर ते दुसरं खोटं होईल. वाचून केली. कसं होतं ते सांगते. दरवर्षी सल्लागार येतो, त्याची फी ऐकलीस तर चक्कर येईल. तो आपल्यासकट वीस कंपन्यांच्या मुख्याधिकाऱ्यांचे पगार एका तक्त्यात मांडतो. मग रूपर्ट विचारतो, "आपला माणूस सरासरीच्या खाली असावा असं कुणाला वाटतं?" कुणालाच वाटत नाही. मग आपण त्याला सरासरीच्या थोडा वर नेतो. उरलेल्या एकोणीस कंपन्यांच्या खोल्यांमध्येही हेच चाललेलं असतं. पुढच्या वर्षी सरासरीच वर गेलेली असते. मला हे पहिल्याच वर्षी दिसलं होतं. गणितात मी तुझ्याएवढी हुशार नव्हते, पण एवढं कळत होतं. वाटलं, हे सगळे इतके शिकलेले, त्यांना दिसत नसेल का? मग गप्प बसले. गप्प बसणं हेच आपल्याला बारा वर्षं शिकवलं, नाही का? तेही सिस्टरांवर ढकलते आहे, बघ.

तुझ्याशी खोटं बोलले याची मला जास्त लाज वाटते. क्षमा कर असं लिहिणार नाही. पत्र मात्र लिहीत जा.

बर्नी


वॉरिन क्रीक,
३० जून
(पोस्टकार्ड)

आज सव्वातीनला शेवटचा माग थांबला. इतकी शांतता झाली की सगळ्यांना वाटलं आपल्याला ऐकू यायचं बंद झालं. तुला सांगावंसं वाटलं.

नो.


मेलबर्न,
२० सप्टेंबर

माझ्या नोरीन,

ते कार्ड मी उशाशी ठेवलं आहे. आज तुला अशी गोष्ट लिहिते आहे, जी मंडळाबाहेर जायला नको.

या वर्षी पेलमला चौदा लाख डॉलर बक्षिसी द्यायचं ठरलं आहे. कशाबद्दल, ते ऐक. खर्चात कपात केल्याबद्दल. आणि ती कपात म्हणजे वॉरिन क्रीक. तुमचे माग थांबले त्या दिवशी त्याचं बक्षीस पक्कं झालं. मी समितीत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "रूपर्ट, माणसं काढल्याबद्दल बक्षिसी?" तो अगदी प्रेमाने म्हणाला, "बर्नीस, ते उद्दिष्ट होतं, त्याने ते गाठलं. गेल्या वर्षी तूच सही केलीस ना त्या उद्दिष्टांवर?" केली होती. ‘खर्चाची पुनर्रचना’ असा शब्द होता. दोघं एका बाजूला, मी एका.

पण मी हट्ट सोडला नाही. बारा नोव्हेंबरला भागधारकांची वार्षिक सभा आहे. तिथे पगारांच्या अहवालावर मतदान होतं. कायद्याने ते मत मंडळावर बंधनकारक नाही, नुसतं विचारायचं म्हणून विचारतात. मी रूपर्टकडून सगळ्या मंडळासमोर शब्द घेतला आहे. अहवाल नामंजूर झाला, तर पेलमची बक्षिसी रद्द. आणि ते पैसे रफूची खोली आणखी एक वर्ष चालू ठेवायला वापरायचे. हिशेब जवळपास जुळतो. तुमच्या चौतीसजणींचा वर्षाचा पगार म्हणजे त्या एका माणसाची बक्षिसी. तेवढ्या वेळात रुग्णालयांचं काम मिळवता येईल.

ह्यूच्या वडिलांनी पंचवीस वर्षं नोकरी झालेल्यांना शेअर द्यायची पद्धत पाडली होती, ती आज कामाला येईल. गावाकडे मिळून शंभरात सहा शेअर आहेत. ज्यांना सभेला येता येत नाही, त्यांना आपलं मत कळवायचा कागद घरी येईल. मी संचालक, मला लोकांना उघड विरोध करायला सांगता येत नाही. एवढं लिहिलं हेही जास्तच. पण नामंजूर झालं तर मी उभी राहीन, आणि रूपर्टला त्याचा शब्द पाळायला लावीन. हे माझं वचन.

तुझी, नेहमीची,
बर्नी


वॉरिन क्रीक,
बुधवार, ४ नोव्हेंबर

माझ्या बर्नी,

काल घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी होती ना, सगळं गाव घरात सापडलं. मी आणि असुंताने उरलेली घरं उरकली. सहाशे बारा, बर्नी! सहाशे बारा कागद, सह्यांसकट, आज सकाळी टपालात टाकले. पोस्टातली पोरगी म्हणाली, "मिसेस टियर्नी, लग्न आहे का कुणाचं?" असुंता म्हणाली, "लग्न नाही गं, काडीमोड!"

आधी वाटलं होतं जमणार नाही. तो कागद बघितलास का? वर नाव, खाली पत्ता, शेअर किती तेही छापलेलं. ‘विरोधात’च्या चौकोनात खूण करायला लोक घाबरले. कुणाचे सेवासमाप्तीचे पैसे यायचे आहेत, कुणाची सून अजून कंपनीच्या कचेरीत आहे. म्हातारा क्लेम ऑर्चर्ड मला म्हणाला, "नोरीन, मी त्या पेलमला भर चौकात शिव्या देईन. पण माझ्या नावाच्या कागदावर नाही."

तेव्हा लेसच्या डोक्यातून युक्ती निघाली. त्याचं तुला ठाऊकच आहे. मत दिलं नाही तर सरकार दंड करतं, म्हणून हा गेली वीस वर्षं निवडणुकीत कोरी मतपत्रिका टाकून येतो, आणि वर मतदान केंद्राबाहेर विकतात ते सॉसेज खाऊन येतो. म्हणाला, "विरोध करू नका ना. सही करा आणि चौकोन कोरे सोडा. कोरा कागद कुणाच्याच बाजूने मोजत नाहीत. तुमचं नाव कशातच अडकत नाही, आणि त्यांना होकारही मिळत नाही. येऊ दे त्यांच्या टेबलावर कोऱ्या कागदांचा ढीग. शरम असेल तर कळेल."

किती सोपं, आणि किती सुंदर! मी घरोघर हेच सांगितलं. क्लेमने तर सही करून कागदाची इस्त्रीच्या कपड्यासारखी घडी घातली. बायका म्हणाल्या, पहिल्यांदा असं वाटतंय की आपण काहीतरी बोललो.

कागद मंगळवारी सकाळी दहापर्यंत पोहोचले पाहिजेत असं त्यावर लिहिलंय. ते पोहोचतील, आणि तुला हे पत्र त्याच्याही आधी मिळेल. मी आणि असुंता आगगाडीने सभेला येतो आहोत. आम्ही मागे बसू, तुला ओळख दाखवणार नाही. तू घाबरू नकोस. उभी राहिलीस की माझ्याकडे बघ.

तुझी,
नोरीन


वॉरिन क्रीक,
शुक्रवार, १३ नोव्हेंबर

बर्नी,

काल तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

मी जे पाहिलं ते तुला सांगायला नको, तू तिथेच होतीस, वर, फुलदाणीच्या मागे. पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ते मोठं सभागृह, पुढच्या रांगांत सँडविचसाठी आलेले म्हातारे, एकाने तर पिशवी आणली होती. असुंता माझ्या कानात म्हणाली, "हे बरे आहेत, निदान पेलमपेक्षा कमी नेतात." मग फेनविकसाहेब उभे राहिले. भिंतीवर आकडे आले. बाजूने बावन्न. विरोधात अठ्ठेचाळीस. मला वाटलं, हरलो, पण थोडक्यात हरलो. डोळ्यांत पाणी आलं ते अभिमानाने आलं.

मग ते चष्मा पुसत म्हणाले, "यात अध्यक्षांकडे आलेली, कुठलीही सूचना नसलेली मतं धरली आहेत. शेकडा पाच. नियमाप्रमाणे ती मी प्रस्तावाच्या बाजूने दिली आहेत. वॉरिन क्रीकच्या आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी या कठीण काळात माझ्यावर टाकलेल्या विश्वासाबद्दल मी त्यांचा विशेष आभारी आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, बर्नी. आमच्यासाठी.

असुंताने माझा दंड इतका घट्ट धरला की आज वळ उठला आहे. म्हणाली, "म्हणजे... आपणच?" मी तिला हाताला धरून उठवलं. बाहेर येऊन पर्समध्ये उरलेला एक कागद चष्मा लावून वाचला. मागच्या बाजूला, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे ते. चौकोन कोरा ठेवल्यास आपलं मत अध्यक्षांना सोपवलं असं समजलं जाईल, आणि ते बाजूने देण्याचा त्यांचा विचार आहे. सहाशे बारा माणसांना मी वाचून दाखवलं पुढचं पान. मागचं पान मी उलटलंच नाही. मी. शाळेत वाचनाचं पदक मिळवलेली.

बावन्नातून पाच वजा करता मलासुद्धा येतात.

परत येताना गाडीत असुंता खिडकीशी बसली. जीलाँग स्टेशन गेल्यावर एवढंच म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीला तू पत्र पाठवलं होतंस ना?" मी म्हटलं, टपाल हल्ली फार उशिरा पोहोचतं. सुट्टीचं टपाल साचलेलं असणार.

उशिरा पोहोचलं ना गं? मंगळवारनंतर मिळालं ना तुला? एवढं एक लिही. बाकी काही नको.

नोरीन


मेलबर्न,
२२ नोव्हेंबर

नोरीन,

तुझं पत्र मला शुक्रवारी, सहा तारखेला, अकराच्या टपालाने मिळालं.

उभ्याउभ्याच वाचलं. ‘चौकोन कोरे सोडा’ इथपर्यंत आले आणि टेलिफोनकडे बघितलं. कोऱ्या कागदाचं काय होतं हे मला ठाऊक होतं. मंडळावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मंगळवार सकाळपर्यंत चार दिवस होते. गावात दुसरा कागद भरून पाठवता आला असता, फॅक्ससुद्धा चालला असता. टेलिफोन माझ्यासमोर होता. तुझा नंबर मला पाठ आहे, आधीच्या घराचासुद्धा.

मी तो उचलला नाही.

पहिल्या दिवशी स्वतःला सांगितलं, संचालकाने असा फोन करणं गैर आहे. शनिवारी सांगितलं, वकिलाला विचारते. विचारलं नाही. रविवारी चर्चमध्ये मिसाला गेले, घरी आले आणि तुला पत्र लिहायला बसले, त्यात फक्त गुलाबांबद्दल लिहिलं, ते पाठवलं नाही. सोमवारी फोनकडे पाठ करून जेवले. मंगळवारी दहाचे ठोके पडले तेव्हा मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला सुटल्यासारखं वाटलं.

सप्टेंबरमध्ये मी तुला वचन दिलं ना, तेव्हा मला खात्री होती की ते पाळायची वेळ येणार नाही. असे प्रस्ताव पडत नाहीत, कधीच नाही. मी हरणाऱ्या बाजूला उभी राहून चांगली ठरणार होते, फुकटात. तुझे सहाशे बारा वाचले आणि पहिल्यांदा कळलं की हे खरंच पडू शकतं. मग मला उभं राहावं लागलं असतं. ज्या माणसांबरोबर मी तीस वर्षं नाताळ साजरा केला, त्यांच्यासमोर, एकटीने. ह्यूच्या खुर्चीतून उठून. त्याची मला भीती वाटली, नोरीन. एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. शोधलं, सापडलं नाही.

रफूची खोली अठरा डिसेंबरला बंद होते आहे. मी परवा मंडळाचा राजीनामा दिला. रूपर्टने फुलं पाठवली. यातल्या कशानेही काही बदलत नाही, मला माहीत आहे.

बर्नीस


वॉरिन क्रीक,
२९ नोव्हेंबर

बर्नी,

तुझं पत्र लेसने आणि मी वाचलं. त्याने ते परत पाकिटात घातलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. 

मला खूप राग येईल असं वाटलं होतं. येतोही. पण तुझ्यावर ओरडायला मला सध्या वेळ नाही. मी गेल्या सोमवारपासून पुन्हा दारोदार जाते आहे. ज्या ज्या दारात मी सही घेतली, त्या प्रत्येक दारात जाऊन सांगायचं, तुमच्या कोऱ्या कागदाने ‘हो’ म्हटलं, आणि तसं करायला मी सांगितलं होतं. पेपरमधून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. क्लेम ऑर्चर्डने दार उघडं ठेवूनच ऐकून घेतलं. म्हणाला, "मी? मी त्या माणसाला बक्षीस दिलं?" तीनदा विचारलं. मग आत जाऊन त्याने आपली टोपी आणली आणि डोक्यावर घातली, कुठे जायचं नसताना. काही बायका हसल्या. दोघींनी दार लावून घेतलं. एकीने चहा दिला, तो प्यायला सगळ्यात अवघड गेला.

माझी चूक मी सांगते आहे. तुझं नाव मी कुठेच घेतलेलं नाही. ते तुझं तू घेशील.

राजीनामा वगैरे ठीक आहे. फुलं पाण्यात ठेव. आणि शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने ये. चपट्या चपला घाल. जेवण आमच्याकडे, झोपायला मागची खोली आहे. किती दिवस लागतील ते लागतील. मी रॅगलन रस्त्याची डावी बाजू शुक्रवारपर्यंत संपवते. उजव्या बाजूला एकशे चौदा दारं आहेत, ती तुझी. मी फाटकापर्यंत येईन, आत येणार नाही.

पहिलं दार असुंताचं आहे. कोण येणार ते तिला सांगितलेलं नाही. शुक्रवारी कुत्रा बांधून ठेव, एवढंच सांगितलं आहे.

नोरीन